पहिली चिप प्रोसेसरची नको, तबल्याची करा

घरी बसून स्वतःची चिप डिझाईन करायची म्हटलं की बहुतेक जण पहिल्याच दिवशी प्रोसेसरवर उडी मारतात, आणि मग तो प्रोसेसर एका फोल्डरमध्ये अर्धवट पडून राहतो तो राहतोच. माझं म्हणणं असं की पहिल्या चिपला असं काम द्या की ते बरोबर झालं का चुकलं हे तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यावं. कारण या छंदात लिहिण्यापेक्षा तपासायला कितीतरी जास्त वेळ जातो, आणि सिलिकॉनवर एकदा छापलं की छापलं, रात्रीतून अपडेट टाकला असलं काही तिथे चालत नाही.

आता बडोद्यातल्या मराठी घरांत कोणी ना कोणी तबल्यावर हात मारलेला असतोच. सयाजीरावांनी १८८६ साली गवई मौलाबक्षांना घेऊन गायनशाळा काढली ती आजही सूरसागरच्या काठाला म्युझिक कॉलेज म्हणून चालू आहे, दांडिया बाजारात कोणाच्याही घरी विचारा, एखादा मामा नाहीतर आत्या तिथे शिकलेली निघेल. म्हणून मी उदाहरण घेतलंय ताल मोजणाऱ्या चिपचं. स्विचवर ताल निवडायचा, लय निवडायची, चिप मात्रा दाखवणार, समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, एक दिवा, टाळीला दुसरा, खालीला, म्हणजे जिथे टाळीऐवजी हात रिकामा सोडतात तिथे, तिसरा, आणि सोबत बारीकशी टिकटिक. याची मोबाईल अॅप्स ढिगाने आहेत हे मला माहीत आहे, तो मुद्दाच नाही.

हे शक्य कसं झालं ते थोडक्यात. प्रत्येक फॅबचं, म्हणजे चिप छापणाऱ्या कारखान्याचं, स्वतःचं नियमांचं एक बाड असतं, कुठल्या थरात तार किती रुंद हवी, दोन तारांमध्ये अंतर किती, ट्रान्झिस्टर नेमका कसा वागतो, त्याला पीडीके म्हणतात, आणि ते पूर्वी सह्या-करारांशिवाय बघायलाही मिळायचं नाही. २०२० साली गूगल आणि अमेरिकेतली स्कायवॉटर यांनी मिळून १३० नॅनोमीटरचं पीडीके सगळ्यांसाठी खुलं केलं, स्काय-१३० म्हणतात ते. मग ग्लोबलफाउंड्रीजचं १८० नॅनोमीटरचं आलं, जर्मनीतल्या आयएचपी संस्थेचंही १३० चं खुलं आहे. १३० नॅनोमीटर म्हणजे २००१ च्या पेंटियम थ्रीच्या जमान्यातलं तंत्र, मोबाईलच्या चिपपुढे म्हातारंच, पण आपल्या कामाला खूप झालं. आपल्या गुजरातेत धोलेऱ्याला टाटांची फॅब आणि साणंदला मायक्रॉनचा कारखाना, त्यामुळे हल्ली कट्ट्यावर सुद्धा चिपच्या गप्पा चालतात, पण हौशी माणसाला तिथे दार नाही, आपला रस्ता वेगळा.

तो रस्ता म्हणजे शटल. एक पूर्ण वेफर, म्हणजे चिप्स छापायची सिलिकॉनची चकती, आणि त्याचे मास्क, म्हणजे छापायचे साचे, एकट्याला परवडणं अशक्य, म्हणून अनेकांची डिझाईन्स एकाच चिपवर दाटीवाटीने बसवतात आणि खर्च वाटून घेतात. यातलं हौशी लोकांसाठी सगळ्यात सोपं म्हणजे टायनी टेपआउट, २०२२ पासून चालू आहे. यात तुम्हाला एक टाईल मिळते, साधारण १६० बाय १०० मायक्रोमीटरची, ढोबळमानाने हजारेक गेट, म्हणजे तर्काची छोटी सर्किटं, बसतील एवढी, जास्त हवं तर जास्त टाईल विकत घ्यायच्या. प्रत्येक चिपवर सगळ्यांचीच डिझाईन्स असतात आणि मध्ये एक निवड करणारं सर्किट, तुम्ही बोर्डवरून आपला नंबर लावला की आपलं डिझाईन पिनांना जोडलं जातं. आणखी एक, ही शटलं चालवणाऱ्यांपैकी ईफॅबलेस ही कंपनी मार्च २०२५ मध्ये बंद पडली आणि बऱ्याच जणांच्या चिप्स मध्येच लटकल्या. त्यामुळे डिझाईन एकाच फॅबला चिकटून बसेल असं लिहू नका, साधं शुद्ध व्हेरिलॉग, म्हणजे सर्किटचं वर्णन करायची भाषा, लिहिलं तर तेच डिझाईन उद्या दुसऱ्या फॅबच्या शटलला नेता येतं.

टूल्सचं सांगतो. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय, टाका आणि त्यात उबुंटू, नुसत्या विंडोजवर जीव काढू नका. त्यात ओएसएस कॅड सूट नावाचं एक गाठोडं डाउनलोड करायचं, त्यात योसिस आहे जे व्हेरिलॉगचं गेट्समध्ये रूपांतर करतं, आयकॅरस व्हेरिलॉग आहे सिम्युलेशनला, म्हणजे सर्किट आधी संगणकावर चालवून बघायला, जीटीकेवेव्ह आहे सिग्नलच्या रेघा बघायला, आणि कोकोटीबी, ज्यामुळे टेस्ट पायथनमध्ये लिहिता येतात. पुढचं सगळं, म्हणजे गेट्स टाईलमध्ये मांडणं आणि तारा ओढणं, ते लिब्रेलेन करतं, त्याच्या पोटात ओपनरोड नावाचं इंजिन आहे. पण सुरुवातीला लिब्रेलेन घरी बसवायची गरजच नाही. टायनी टेपआउटचा गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साईटवर, तयार साचा मिळतो, त्याची कॉपी करून पब्लिक रिपॉझिटरी, म्हणजे सगळ्यांना दिसणारं कोडचं फोल्डर, बनवायची, तुम्ही कोड चढवला की गिटहबच्याच मशीनवर सगळं आपोआप चालतं, त्याचे पैसे पडत नाहीत. म्हणजे साधा आठ जीबीचा लॅपटॉप पुरतो. व्हेरिलॉग अजिबात येत नसेल तर एचडीएलबिट्स नावाच्या साईटवर छोटे छोटे सराव आहेत, ते आधी करा. आणि घरात शाळेतलं पोर असेल तर त्याला वोक्वी नावाच्या साईटवर माऊसने गेट जोडायला बसवा, त्यातूनही खरी चिप बनते.

व्हेरिलॉगबद्दल एकच गोष्ट डोक्यात पक्की करा, हा प्रोग्राम नाही. ओळी वरून खाली चालत नाहीत, सगळं एकाच वेळी चालू असतं, तुम्ही सर्किटचं वर्णन लिहिताय. सी किंवा पायथनमधून येणाऱ्याला हेच सगळ्यात जास्त छळतं. क्लॉकवर, म्हणजे सर्किटला ठेका देणाऱ्या सिग्नलवर, चालणाऱ्या ब्लॉकमध्ये कायम नॉन-ब्लॉकिंग असाइनमेंट (<=) वापरायचं आणि नुसत्या गेट्सच्या ब्लॉकमध्ये ब्लॉकिंग (=), हा नियम मोडायचा नाही म्हणजे नाही.

आता डिझाईन. तुम्हाला आठ इनपुट मिळतात, आठ आउटपुट, आठ असे की जे दोन्हीकडे वापरता येतात, शिवाय क्लॉक आणि सगळं सुरुवातीच्या स्थितीत आणणारा रीसेट. मी वाटणी अशी करेन: पहिले तीन इनपुट तालासाठी, पुढचे तीन लयीसाठी, सातवा आवाज बंद करायला, आठव्याला बटण, जे दाबलं की चिप समेवर येते, म्हणजे गवयाने सम पकडली की आपणही पकडायची. टायनी टेपआउटच्या डेमो बोर्डवर सात सेगमेंटचा डिस्प्ले आठ आउटपुटना आधीच जोडलेला असतो, तो मात्रेला वापरायचा, त्याचा टिंब प्रत्येक मात्रेला लुकलुकवायचा. दुतर्फी पिनांतल्या चार आउटपुट करायच्या, सम, टाळी, खाली आणि बझर. त्या पिनांची दिशा सांगणारा वेगळा सिग्नल असतो, तो १ करायला विसरलात तर सिम्युलेशनमध्ये सगळं झकास दिसेल आणि बोर्डवर दिवे लागणार नाहीत.

तीन बिटांत आठ ताल बसतात. तीनताल १६ मात्रांचा, झपताल १०, रूपक ७, एकताल १२, दादरा ६, केरवा ८, धमार १४ आणि दीपचंदी १४. नवरात्रात गरब्याला जी हींच वाजते तीही सहाचीच, तिला दादऱ्याचं सेटिंग चालेल. सगळ्यात मोठा ताल १६ चा, म्हणजे मात्रेचा काउंटर बरोब्बर चार बिटांचा, ० ते १५. इथे सांभाळा, आपण १ पासून मोजतो आणि काउंटर ० पासून, ही एकाची फट कुठे भरायची ते आधीच ठरवून टाका, मी म्हणेन फक्त डिस्प्लेच्या तोंडाशी. डिस्प्लेवर १६ पर्यंतचा आकडा एका घरात मावत नाही, पण विभागातली मात्रा मावते, तीनतालात १ ते ४, झपतालात दोन-तीन-दोन-तीन, धमारात पहिला विभाग पाचाचा. गाणाऱ्याला पण तसंच सोयीचं, कोणी नऊ-दहा-अकरा म्हणत बसत नाही.

टाळी-खाली कुठे हे सांगायला मेमरी वगैरे लागत नाही. ताल आणि मात्रा मिळून सात बिट, त्यावर एक मोठं केस स्टेटमेंट, म्हणजे 'असं असेल तर हे' अशी यादी, लिहा, योसिस ते चेपून छोटं करून देतो. तीनतालात टाळी १, ५, १३ वर आणि खाली ९ वर. झपतालात १, ३, ८ टाळी आणि ६ खाली. एकतालात दोन खाली, ३ आणि ७. रूपक मात्र वेगळा, त्याची समच खालीवर असते, टाळ्या ४ आणि ६ ला. म्हणजे सम आणि खाली हे दोन दिवे एकाच वेळी लागले पाहिजेत, आणि ज्याने 'समेला नेहमी टाळी' असं गृहीत धरून शॉर्टकट मारला त्याचा रूपक कायमचा चुकला. केसमध्ये डीफॉल्ट द्यायला विसरू नका, नाहीतर टूल गुपचूप लॅच, म्हणजे जुनी किंमत धरून बसणारं नको असलेलं सर्किट, घालून ठेवतं आणि ते भूत शोधायला रात्र जाते.

लय कशी करायची हा यातला मजेचा भाग. मिनिटाला किती मात्रा हा आकडा घेऊन त्यावरून कालावधी काढायला भागाकार लागतो आणि चिपमध्ये भागाकार महाग, जागा खातो. त्यापेक्षा आठ लयी ठरवून त्यांचे आकडे आधीच काढून ठेवायचे. क्लॉक मुद्दाम हळू घ्यायचा, १० किलोहर्ट्झ. मग मिनिटाला ४० मात्रा म्हणजे १५,००० टिकांची, क्लॉकच्या ठोक्यांची, एक मात्रा, ६० ला १०,०००, ८० ला ७,५००, १०० ला ६,०००, १२० ला ५,०००, १५० ला ४,०००, २०० ला ३,०००, २४० ला २,५००. सगळे पूर्ण आकडे, काही उरत नाही. सगळ्यात मोठा १५,००० आणि चौदा बिटांत १६,३८३ पर्यंत मावतं, म्हणजे चौदा फ्लिप-फ्लॉपमध्ये, एकेक बिट लक्षात ठेवणाऱ्या घटकांत, काम झालं. हेच १० मेगाहर्ट्झचा क्लॉक घेऊन केलं असतं तर चोवीस लागले असते. स्काय-१३० मध्ये एक फ्लिप-फ्लॉप साधारण २० चौरस मायक्रोमीटर जागा घेतो, तेव्हा फुकट दहा कशाला घालायचे.

आवाजही त्याच काउंटरमधून फुकटात निघतो. काउंटरचा खालून तिसरा बिट दर चार टिकांनी उलटतो, म्हणजे १२५० हर्ट्झ, तो समेला. चौथा बिट ६२५ हर्ट्झ, तो बाकीच्या मात्रांना. खालीला गप्प. आणि आवाज मात्रेच्या पहिल्या २५६ टिकांपुरताच, म्हणजे पंचवीसेक मिलिसेकंद, त्यासाठी फक्त वरचे सहा बिट शून्य आहेत का बघायचं. एक वेगळा काउंटर लागत नाही! रूपकात समेला वाजवायचं का गप्प राहायचं हे तुमच्या गुरुजींना विचारा, मी वाजवेन.

दोन सापळे आहेत जे कागदावर दिसत नाहीत. पहिला, तीनतालाच्या तेराव्या मात्रेवर असताना कोणी स्विच फिरवून दादरा लावला तर? काउंटर 'सहा झाले का' असं विचारत बसेल आणि तो तर सहाच्या पुढे निघून गेलाय, मग सोळापर्यंत भलतंच काहीतरी वाजत जाणार. उपाय असा की नवा ताल फक्त समेवरच उचलायचा, मध्ये कितीही स्विच फिरवा. संगीताच्या दृष्टीनेही तेच बरोबर. लयीचं तसंच, विलंबित चालू असताना काउंटर ९,००० वर आहे आणि तुम्ही २४० ची लय लावली तर तो २,५०० ला बरोबरी शोधत पार वरपर्यंत जाऊन येईल, जवळजवळ एका सेकंदाचं भोक पडेल. इथे 'बरोबर आहे का' ऐवजी 'एवढा किंवा जास्त आहे का' असं विचारा, सुटला प्रश्न.

दुसरा सापळा स्विच आणि बटणांचा. बाहेरचा सिग्नल तुमच्या क्लॉकला विचारून येत नाही, ऐन क्लॉकच्या क्षणी बदलला तर फ्लिप-फ्लॉप अधांतरी लटकू शकतो, म्हणून प्रत्येक इनपुट आधी दोन फ्लिप-फ्लॉपमधून न्यायचा. शिवाय बटण दाबलं की आतली पत्री काही मिलिसेकंद थरथरते आणि एका दाबाचे चार-पाच दाब होतात. दर १२८ टिकांनी एकदाच बटण वाचलं, म्हणजे १२.८ मिलिसेकंदांनी, की थरथर जाणवत नाही. हे सगळं धरून पन्नास-साठ फ्लिप-फ्लॉप होतात. ट्रान्झिस्टरचा ढोबळ हिशोब केला तर इंटेलच्या १९७१ सालच्या ४००४ मध्ये जे २३०० होते त्यांच्या आसपास जातो आपण, आणि तरी टाईलमध्ये जागा उरते.

रीसेटचं नीट ऐका. एफपीजीएवर, म्हणजे पुन्हा पुन्हा हवं ते सर्किट भरता येणाऱ्या चिपवर, सुरुवातीची किंमत इनिशियल ब्लॉकमध्ये लिहिली की चालून जातं, खऱ्या चिपवर नाही. वीज दिली की प्रत्येक फ्लिप-फ्लॉप मनाला येईल तसा शून्य नाहीतर एक होऊन बसतो. म्हणून प्रत्येकाला रीसेटमध्ये किंमत द्या. इनिशियल ब्लॉक डिझाईनच्या फाईलमध्ये दिसलाच नाही पाहिजे.

आता टेस्ट, आणि इथे घाई करू नका. कोकोटीबीमध्ये पायथनने लिहायचं: रीसेट दे, ताल लाव, इतके टिक थांब, आता सम लागलीय का, खाली लागलीय का. पण पायथनमधला तालांचा तक्ता तुम्ही व्हेरिलॉगवरून कॉपी केला तर ती टेस्टच नाही, जी चूक तिकडे तीच इकडे आणि दोन्ही एकमेकांना शाबासकी देतात. तक्ता तबला येणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून लिहून घ्या, वहीच्या कागदावर का होईना, आणि त्यावरून टाईप करा. आठही ताल दोन-दोन आवर्तनं चालवा, मध्येच ताल बदला, मध्येच लय बदला, समेचं बटण शेवटच्या मात्रेवर दाबा. सिम्युलेशन हळू वाटलं तर २४० ची लय लावून टेस्ट करा, रूपकाचं एक आवर्तन मग १७,५०० टिकांत संपतं.

जमलं तर शटलला पाठवण्याआधी एफपीजीए बोर्डवर चालवून बघा. टँग नॅनो ९के सारखा स्वस्त बोर्ड पुरतो, त्यावर २७ मेगाहर्ट्झचा क्लॉक आहे, त्याला २७०० ने भागलं की आपले १० किलोहर्ट्झ. मग तो बोर्ड एखाद्या तबला वाजवणाऱ्याच्या हातात द्या आणि गप्प बसा. तो पाच मिनिटांत असं काहीतरी करेल जे तुमच्या टेस्टमध्ये नाही.

कोड गिटहबवर चढवला की तीन तपासण्या चालतात, डॉक्युमेंटेशन, टेस्ट आणि लेआउट. मुख्य मॉड्यूलचं नाव tt_um_ ने सुरू झालं पाहिजे, आणि माहितीच्या फाईलमध्ये तेच नाव आणि पिनांची नावं भरायची, निम्म्या लाल फुल्या या नावांच्या गडबडीने येतात. लेआउट झाला की रिपोर्ट उघडा, नुसती हिरवी टिक बघून खूष होऊ नका. सेटअप टायमिंगची, म्हणजे सिग्नल पुढच्या टिकेच्या आत पोचतो का याची, आपल्याला फिकीर नाही, १० किलोहर्ट्झला एका टिकेत १०० मायक्रोसेकंद मिळतात, गेट्सना नॅनोसेकंद लागतात. होल्ड टायमिंग मात्र बघा, तो क्लॉक हळू केल्याने सुधारत नाही, एका फ्लिप-फ्लॉपची नवी किंमत दुसऱ्याला फार लवकर पोचली तर क्लॉक कितीही हळू असो, चिप चुकते. टूल मध्ये बफर घालून ते सांभाळतं, तुम्ही फक्त रिपोर्टमध्ये होल्डचं उल्लंघन शून्य आहे ना ते बघा. अँटेना नावाची एक वॉर्निंग दिसेल, त्याचा रेडिओशी संबंध नाही, चिप बनताना प्लाझ्मामध्ये लांब तारेवर चार्ज साठतो आणि ट्रान्झिस्टरचा पातळ ऑक्साईड जाळू शकतो, म्हणून टूल तिथे डायोड बसवतं. डीआरसी म्हणजे फॅबचे अंतर-रुंदीचे नियम पाळले का, आणि एलव्हीएस म्हणजे काढलेलं चित्र आणि गेट्सची यादी एकच आहे का. हे काम मॅजिक आणि नेटजेन करतात, मॅजिक बर्कलीमध्ये १९८० च्या दशकात लिहिलेलं आणि अजून वापरात आहे.

शेवटी गेट-लेव्हल सिम्युलेशन, म्हणजे तीच टेस्ट पण तुमच्या व्हेरिलॉगवर नाही तर टूलने बनवलेल्या खऱ्या गेट्सवर. रीसेट सुटलेला एखादा फ्लिप-फ्लॉप असेल तर इथे सिग्नलवर लाल एक्स, म्हणजे 'किंमत माहीत नाही' अशा खुणा, पसरतात, म्हणून ही पायरी सोडायची नाही. हे पास झालं की लेआउट के-लेआउटमध्ये उघडून खुशाल झूम करत बसा, ब्राउझरमध्ये थ्रीडीतही दिसतो, घरच्यांना दाखवायला तो बरा.

सबमिट केल्यावर महिनोन् महिने वाट बघायची असते, हे आधीच घरी सांगून ठेवा. पार्सल परदेशातून येतं, कुरियरवाले केवायसीचे कागद मागतात आणि कस्टम ड्युटी लागू शकते, ती चिपच्या किमतीत आधीच धरा.

बोर्ड हातात आला की आपलं डिझाईन निवडा, क्लॉक १० किलोहर्ट्झ लावा, रीसेट द्या आणि पहिला ताल रूपकच लावा, सम आणि खाली एकदम लागले तर निम्मी काळजी मिटली. बझर म्हणून पिएझोची चकती घ्या, लहान स्पीकर थेट पिनेला लावू नका, चिपच्या पिनेतून फक्त काही मिलिअँपिअर निघतात. स्पीकरच हवा असेल तर मध्ये एक ट्रान्झिस्टर टाका, बीसी ५४७ चालतो, बेसला एक किलोओहमचा रेझिस्टर, आणि स्पीकरच्या सीरिजमध्ये शंभरेक ओहमचा.